महिनाअखेरची बेरीज

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी आपल्यापैकी एकीने आपल्या अनुभवातले काही सांगावे असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. गेल्या वर्षी लोणच्यावर झाले, त्याआधी भिशीच्या हिशेबावर झाले. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही त्या शेअरबाजाराच्या वहीबद्दल बोला." मी म्हटले, अहो, मी सातवी शिकलेली बाई, मी काय बोलणार? तर त्या म्हणाल्या, "म्हणूनच बोला." तेव्हा आता चुकलेमाकले सांभाळून घ्या.

माझी वही म्हणजे मुलीची शाळेची शंभर पानी वही आहे. पहिली दहा पाने तिच्या भूगोलाची आहेत, त्यानंतर माझे सुरू होते. महिन्याला एक ओळ. वर्षाला बारा ओळी. ह्यापलीकडे तीत काही नाही. पण ह्या वहीमुळे माझे पैसे गेलेही आहेत आणि वाचलेही आहेत, आणि सर्वांत जास्त गेले ते वहीचे न ऐकल्यामुळे. तेच आज सांगावयाचे आहे.

शिवणकाम आणि दोन भिश्या मिळून मजजवळ २०१९ साली दोन लाख रुपये झाले होते. मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिच्या पुढच्या शिक्षणाला म्हणून ठेवलेले. पाच-सात वर्षे त्यांना हात लावावयाचा नव्हता. बँकेत ठेवावे तर व्याज किती ते आपण जाणतोच. शेजारी आप्पा राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी निफ्टीचा फंड सुचवला. निफ्टी म्हणजे काय, तर देशातल्या मोठ्या पन्नास कंपन्यांच्या भावांची मिळून एक सरासरी मोजतात, तिचे नाव निफ्टी. १९९६ सालापासून तो आकडा निघतो. एकाच कंपनीचा शेअर घेणे म्हणजे बाजारात जाऊन सगळ्या पैशांची नुसती कोथिंबीर आणणे. फंड म्हणजे पन्नास भाज्या थोड्याथोड्या. एक किडली तरी स्वयंपाक अडत नाही.

पण मी आप्पांना विचारले, सगळ्याच भाज्या एकदम कुजल्या तर? २००८ साली आमच्या थोरल्या दिरांचे असेच झाले होते. ते अगदी तळाला घाबरून विकून मोकळे झाले आणि पुन्हा बाजाराचे नाव काढले नाही. आप्पा हसले आणि म्हणाले, "दहाने भागता येते ना तुला?" मी म्हटले, येते.

ती रीत अशी. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाजार बंद झाला की निफ्टीचा आकडा वहीत लिहावयाचा. त्या महिन्याचा धरून मागच्या दहा महिन्यांचे दहा आकडे मिळवावयाचे. दहाने भागावयाचे, म्हणजे शेवटचा आकडा बोटाने झाकावयाचा, झाले. ही दहा महिन्यांची सरासरी. आजचा आकडा सरासरीच्या वर असेल तर पैसे फंडात राहू द्यावयाचे. खाली असेल तर दुसऱ्या दिवशी काढून बँकेत किंवा लिक्विड फंडात ठेवावयाचे. पुन्हा वर गेला की परत आत. मधल्या तीस दिवसांत काहीही होवो, काही करावयाचे नाही. ही आप्पांची स्वतःची युक्ती नव्हे. अमेरिकेत मेबेन फेबर नावाच्या गृहस्थांनी २००७ साली एका निबंधात ही मांडली आणि तिकडच्या बाजाराच्या शंभर वर्षांच्या आकड्यांवर ताडून पाहिली. त्यांचे म्हणणे इतकेच होते, की नफा फार वाढत नाही, पण मोठा खड्डा टळतो. हे वाक्य आप्पांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी ते अर्धेच ऐकले.

एप्रिल २०१९ च्या अखेरीस निफ्टी ११,७४८ असताना मी दोन लाख घातले. (हिशेबाला मी महिनाअखेरचाच आकडा धरते, प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी शंभर-पाचशे रुपये इकडेतिकडे होतात.) तीन महिने झाले नाहीत तोच जुलैअखेर आकडा ११,११८, सरासरी ११,१९५. वही म्हणाली, बाहेर. मी निघाले. दहा-अकरा हजार गेले. आमचे हे काही बोलले नाहीत, पण जेवताना वर्तमानपत्र वाचीत बसले, म्हणजे मी काय ते समजले.

मग गंमत बघा. २० सप्टेंबरला अर्थमंत्री गोव्यात पणजीला होत्या. तिथून त्यांनी कंपन्यांचा कर कमी केल्याचे जाहीर केले आणि निफ्टी एका दिवसात ५६९ अंशांनी उडाला. महिनाअखेर ११,४७४, सरासरीच्या वर. वही म्हणाली, आत. म्हणजे ११,११८ ला विकलेले ११,४७४ ला परत घ्यावयाचे! बाजारात दिलेले भांडे जास्त पैसे देऊन पुन्हा आणण्यासारखे झाले हे. मी आप्पांकडे जाऊन भांडले. ते म्हणाले, "ही ह्या रीतीची पट्टी आहे. विम्याचा हप्ता भरतेस तेव्हा भांडतेस का?" मी आत गेले, पण मनातून नाराजीनेच.

पुढे फेब्रुवारी २०२० आला. ही बेरीज मी इथे वाचून दाखवते, कारण ज्यांना घरी करून पाहावयाची असेल त्यांना ताळा घेता येईल. मे २०१९ पासूनचे महिनाअखेरचे आकडे असे : ११,९२३, ११,७८९, ११,११८, ११,०२३, ११,४७४, ११,८७७, १२,०५६, १२,१६८, ११,९६२, आणि फेब्रुवारीचा ११,२०२. बेरीज १,१६,५९२. सरासरी ११,६५९. आकडा खाली. वही म्हणाली, बाहेर.

आता आठवा, तेव्हा चीनमधल्या आजाराच्या बातम्या येत होत्या, पण आपल्याकडे कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. आपल्या मंडळाची सहल ठरत होती. मला काही कळले म्हणून मी निघाले नाही. वहीत लिहिले होते म्हणून निघाले. दोन लाखांचे एक लाख चौऱ्याऐंशी हजार आठशे हाती आले. दहा महिन्यांत पंधरा हजार गेले. हे म्हणाले, "तुझ्या वहीपेक्षा पोस्ट बरे." खोटे नव्हते.

त्यानंतर २३ मार्चचा सोमवार. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू, आपण गॅलरीत थाळ्या वाजवल्या होत्या. सोमवारी सकाळी बाजार दहा टक्के पडला म्हणून पाऊण तास बंद ठेवावा लागला. पुन्हा उघडला आणि आणखी पडला. संध्याकाळी ७,६१०. एका दिवसात १,१३५ अंश. माझे पैसे आत असते तर त्या संध्याकाळी दोन लाखांचे एक लाख तीस हजारसुद्धा भरले नसते. ह्यांचा पगार पुढच्या महिन्यापासून निम्म्यावर आला. त्या रात्री मी वही उशाशी घेऊन झोपले म्हटले तर तुम्ही हसाल, पण खरेच झोपले. आणि झोप लागली.

इथपर्यंत वहीची फुशारकी झाली. आता माझी लाज सांगते.

एप्रिल, मे, जून, तिन्ही महिने वही म्हणाली, बाहेरच राहा. जुलैअखेर आकडा ११,०७३ आणि सरासरी १०,८६८. वही म्हणाली, आत. आणि मी गेले नाही. बाहेर रुग्णवाहिकांचे आवाज, आपल्याच गल्लीत बांबू बांधलेले, तिसऱ्या इमारतीतल्या आजी गेलेल्या, ह्यांचा पगार अर्धा. अशात बाजार वर जातो म्हणजे बाजाराला वेड लागले आहे, असे मला वाटले. मी वहीत 'आत' असे लिहिले आणि पैसे तसेच ठेवले. ऑगस्टला 'आत' लिहिले. सप्टेंबरला 'आत' लिहिले. ऑक्टोबरलाही लिहिले. अक्षर बघाल तर दर महिन्याला लहान होत गेले आहे. शेवटी नोव्हेंबरअखेर निफ्टी १२,९६९ झाला. ज्या जाऊबाई मार्चमध्ये रडत होत्या त्या आता पेढे वाटीत होत्या. तेव्हा मी गेले.

हिशेब करा. वहीचे ऐकून ११,०७३ ला गेले असते तर नोव्हेंबरात माझे दोन लाख सोळा हजार झाले असते. माझे होते एक लाख चौऱ्याऐंशी हजार. जवळजवळ ३१,६०० रुपये. एवढ्यात माझे नवे शिलाईयंत्र आणि पिको-फॉलचे यंत्र दोन्ही आले असते. आधीच्या दोन्ही चकव्यांत मिळून गेले होते पंधरा हजार, ते वहीने घालवले. हे एकतीस हजार मी घालवले, आणि तेसुद्धा शहाणपणाच्या नावाखाली. बाहेर पडायचे तेव्हा वहीचे ऐकणे सोपे असते, कारण भीती तिच्याच बाजूने बोलत असते. परत आत जाण्याची वेळ येते तेव्हा भीती उलट बाजूला असते. हे मला कोणी सांगितले नव्हते. आप्पांनीही नाही. ते त्या दिवसांत मुलाकडे पुण्याला अडकले होते, आणि फोनवर मी त्यांना खोटे सांगितले की 'हो, गेले आत.' आज ते समोर बसले आहेत, तेव्हा त्यांची क्षमा मागते.

आणखी एक सांगितले पाहिजे, नाहीतर अर्धे खरे होईल. जिने काहीच केले नाही, एप्रिल २०१९ मध्ये दोन लाख टाकले आणि डोळे मिटून बसली, तिचे नोव्हेंबर २०२० मध्ये दोन लाख वीस हजार झाले. म्हणजे वहीचे तंतोतंत ऐकणारीपेक्षाही चार हजार जास्त. शिवाय आत-बाहेर केले की कर द्यावा लागतो तो वेगळा; वर्षाच्या आत विकून नफा झाला तर त्यावर जुलै २०२४ पासून २० टक्के, त्यापूर्वी १५ टक्के होता. तेव्हा डोळे मिटून बसता येत असेल तर तसेच बसावे. आमच्या दिरांना २००८ मध्ये बसता आले नाही. इथल्याच एका भगिनीने, नाव सांगत नाही, २३ मार्चलाच सगळे विकले आणि आजपर्यंत परत गेली नाही. मी स्वतःला ओळखते. ७,६१० ला मी विकलेच असते. वही माझ्यासारखीसाठी आहे.

२०२२ साल तर नुसते खाडाखोडीचे. फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाले. त्या महिनाअखेर आकडा आणि सरासरी इतकी जवळ आली की मी तीनदा बेरीज केली, मुलीकडून एकदा करवून घेतली. दोन-चार अंशांनी खाली. बाहेर. पुढच्याच महिन्यात चार टक्के वर, आत. एप्रिलअखेर पुन्हा बाहेर. जुलैअखेर पुन्हा आत, जवळजवळ त्याच भावाला. बाजार धड वर नाही, धड खाली नाही, असा वाऱ्यावरच्या झावळीसारखा हलत असला की ही रीत मार खाते. पण ह्या वेळी मी एकही ओळ चुकवली नाही. तोटा झाला तो वहीच्या नावे मांडला.

४ जून २०२४ तर सर्वांच्या लक्षात असेल. निवडणुकीचे निकाल. आदल्या दिवशी बाजार सव्वातीन टक्के चढला होता, त्या दिवशी १,३७९ अंशांनी कोसळला. माझ्या वहिनीचा सांगलीहून फोन, "वन्सं, विकलेत का?" मी म्हटले, "आज तारीख काय?" "चार." "मग महिना कुठे संपलाय?" मी भाकऱ्या थापीत होते, थापीतच राहिले. ७ तारखेला बाजार निकालाआधीच्या जागी परत आला होता. जून संपताना २४,०१० होता. वहीत त्या महिन्याची ओळ बघाल तर काही घडले होते असे वाटणारसुद्धा नाही.

डिसेंबर २०२४ अखेर पुन्हा बाहेर पडले, २३,६४५ ला. त्यानंतर बाजार पडतच गेला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या जकातींची घोषणा झाली, ७ एप्रिलला एका दिवसात ७४२ अंश गेले, आणि मला वाटले, आता वहीचा दिवस आला. पण महिना संपेपर्यंत बाजार उसळून २४,३३४ झाला, सरासरी २४,१४७. वही म्हणाली, आत. म्हणजे ह्याही वेळी विकल्यापेक्षा महाग घ्यावयाचे, जवळजवळ तीन टक्के. मला जुलै २०२० आठवला. हात थरथरत होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागण्याआधी पैसे घालून टाकले. मुलगी आता अकरावीत आहे, ती शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आई, ह्या वेळी अक्षर मोठे आले आहे."

आता थोडे कडू बोलते. 'सिग्नल' हा शब्द ऐकून काहीजणींना आपल्या मुलांच्या फोनवर येणारे सिग्नल आठवले असतील. माझ्या पुतण्याने असल्या एका गटाला महिन्याचे पैसे भरले. दिवसाला वीस-वीस निरोप : हे घे, ते विक, आता नफा, आता थांब. वायदे आणि ऑप्शनचा खेळ तो. चार महिन्यांत त्याचे एक लाख चाळीस हजार गेले, आणि गट एके रात्री नाहीसा झाला. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब काढून प्रसिद्ध केला, त्यात ह्या खेळातले शंभरातले त्र्याण्णव लोक तोट्यात निघाले; सगळ्यांचा मिळून तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर. पुतण्या मला म्हणाला, "काकू, तुम्हीही सिग्नलच पाळता की." मी त्याला वही दाखवली. म्हटले, माझा सिग्नल महिन्याला एक येतो, तो मी स्वतः बेरजेने काढते, आणि तो कसा निघाला हे तू ह्या पाटावर बसून तपासू शकतोस. तुझा सिग्नल कोठून येत होता ते तुला तरी ठाऊक होते का? सल्ला देऊन पैसे घेणाऱ्याची सेबीकडे नोंद असावी लागते, ती यादी सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्याने पाहिली नव्हती. पोराचा दोष मोठा नाही. घरात कोणी विचारले नाही, हा आमचा दोष.

मुंबईत ह्या बाजाराची सुरुवात वडाच्या झाडाखाली झाली असे आप्पा सांगतात. टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमत. पुढे १८७५ साली त्यांनी रीतसर संस्था काढली. आम्ही बायका वडाला सूत गुंडाळतो, पुरुषांनी त्याच्याखाली बाजार भरवला. असो, हे सहज आठवले.

समोरून चिठ्ठी आली आहे, की किती पैशांनी सुरुवात करावी. पैसे न घालता करावी. सहा महिने नुसती वही लिहावी, 'आत' की 'बाहेर' ते मांडावे, आणि त्या त्या दिवशी आपल्याला काय करावेसे वाटत होते तेही पुढच्या रकान्यात लिहावे. माझ्या वहीत हा रकाना २०२० नंतर आला. वहीचा कौल आणि माझा कौल ह्या दोन रकान्यांत किती वेळा भांडण झाले ते मोजले तर मलाच हसू येते. आणि घरखर्चाचे, औषधपाण्याचे, पुढच्या पाच वर्षांत लागणारे पैसे ह्यात घालू नयेत. उसने काढून तर नाहीच नाही. माझ्या मुलीच्या पैशांतले पुढच्या वर्षी लागणारे मी ह्या दिवाळीत काढून बँकेत टाकले आहेत. वही 'आत' म्हणत होती तरी. फीची तारीख वहीला ठाऊक नसते.

ज्यांना दहा आकडे मागून हवे असतील त्यांनी महिनाअखेरीस चारनंतर माझ्याकडे यावे. बाजार साडेतीनला बंद होतो, मी चहा ठेवते, आप्पा येतात. आपापली वही आणि पेन्सिल आणावी. खोडरबर आणू नये.